रेघ शिकवणारे चाचा

रात्री पाऊस झाला की चाचा कामावर येऊन भिंतीला उलटा तळहात लावायचे. क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "भिंत वली हाय गड्या. आज काम बंद, शाळा चालू."

असा रंगकामाचा ठेकेदार तुम्हीही क्वचितच पाहिला असेल. पावसात बाकीचे माणसांना घरी पाठवतात. चाचा आम्हा सहा जणांना पलूसला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन जायचे. प्लायवूडच्या फळ्या उभ्या करून प्रत्येकाकडून ब्रशने रेघा मारून घ्यायचे आणि बॅटरी आडवी धरून तपासायचे. सगळे नापास. एकदा स्वतःची रेघ तपासली आणि स्वतःलाही नापास केलं.

सहा जणांत मी एकटी बाई. कुंडलहून घासाईला यायचे. पॉलिश पेपरने भिंत घासायची आणि पांढरीफटक होऊन घरी जायचं. चाचांनी माझ्या हातात ब्रश दिला तेव्हा गडी हसले.

"बाई रंग मारणार व्हय, चाचा?"

"ब्रश धराय मिशा लागत्यात व्हय रं?" चाचा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "श्वास सोडत वढ, पोरी. धरून ठिवलास की हात थरथरतो."

तिसऱ्या पावसाळ्यात दोन रंगांमधली कड मी चिकटपट्टी न लावता सरळ मारली. चाचांनी बॅटरी धरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. मग आत जाऊन चाचींना बोलावून आणलं.

घासताना आम्हाला ते नाकातोंडाला फडकं बांधायला लावायचे. स्वतः कधी बांधत नसत. "त्वांड बांधल्यावर शिकवू कसं?"

तीस वर्षांची धूळ छातीत बसली होती. खोकला हटेना. सांगलीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि चाचांना बाहेर बसवून चाचींशीच बोलले. तोवर शिकलेले गडी एकेक करून पुण्याला गेले होते. शेवटच्या पावसाळ्यात शेडमध्ये मी एकटीच. चाचा खुर्चीत, दोन शब्दांत दम लागायचा.

"चाचा, आज ऱ्हाऊ द्या."

"मग कवा?"

दिवाळीच्या आधी ते गेले.

आता मी साताऱ्यात दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे. पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, "मला कड मारता येते." त्याने मान वर न करता पॉलिश पेपर पुढे केला. "बायका घासाईला." या गोष्टीला दोन वर्षं झाली.

परवा त्याचा माणूस शिडीवरून छताची कड मारत होता. रेघ हळूहळू खाली घसरत चालली होती.

"दादा, वाकडी जातीय," मी म्हणाले.

तो वरूनच हसला. घराच्या मालकीणबाई दारात आल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "छान दिसतंय."

मी पुढची भिंत घासायला घेतली.