गाडी, विमा, चपाती

नॉटिंगहॅममध्ये दर शनिवारी आफ्रिकन सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा भरतो. तिथे वापरायला लॅपटॉप मिळतो, इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस होते, तेही फुकट. दाराशी एक धिप्पाड केनियन बसतो. हँग झालेल्या लॅपटॉपला तो गाय गोंजारावी तसा थोपटतो आणि स्वाहिलीत म्हणतो, "पोले, पोले." म्हणजे सावकाश.

माझी नोकरी गेली होती आणि व्हिसाची मुदत संपत आली होती. लाज सोडून मी त्याच्यापुढे उभा राहिलो.

"आफ्रिकेतला कुठला?"

"पुण्याचा."

तो जराही हसला नाही. "तुमच्याकडे कारला काय म्हणतात?"

"गाडी."

"आमच्याकडे गारी. इन्शुरन्सला?"

"विमा."

"आमचा बिमा!" त्याने माझा डबा उघडून पाहिला. "आणि ही चपाती."

"आम्ही पोळी म्हणतो," नोकरी नसतानाही मी म्हणालो.

त्याने सुस्कारा सोडला, एक पोळी उचलली आणि माझ्या गळ्यात मेंबरचा बिल्ला अडकवला.

आता कुणी नवीन आलं की तो माझी ओळख करून देतो. "हा आमचाच. फक्त चपातीचं नाव तेवढं चुकीचं घेतो."

आणि मी, पुण्याचा असून, गप्प बसतो.