अकरा वर्षांच्या सासूचा झोका

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. शिलाई मशीनवर बसले की तेवढी मी गप्प असते, कारण तोंडात टाचण्या असतात. आमच्या तळ्याकाठच्या बागेत मी आजवर तीनदा भांडले. पहिल्यांदा बाकावर वाळत घातलेल्या पापडांवरून, दुसऱ्यांदा ओपन जिमच्या सायकलीला बांधलेल्या शेळीवरून. दोन्ही वेळा तोंडावर पडले. पापड माझ्याच चुलत जावेचे निघाले आणि शेळी एका नगरसेवकाची. तिसरं भांडण मात्र मी जिंकले, आणि ते सासूपायी.

धाराशिव जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव तसं लहान, पण तळं भलंमोठं. नगरपालिकेनं काठाला पुरुषभर उंच भिंत घातली, आत बाग केली आणि कमानीवर लिहिलं, ‘चौपाटी’. पाऊसकाळात पाणी भिंतीला लागतं, तेव्हा ते नाव शोभतं. उन्हाळ्यात पाणी एवढं मागं सरतं की चौपाटीवरून पाणी बघायला रिक्षा करावी. बागेत दोन पेंग्विन आहेत, म्हणजे तोंड वासलेले कचऱ्याचे डबे. सिमेंटचा एक जिराफ आहे, त्याची मान दोनदा मोडली आणि दोनदा चिकटवली, आता तो उंट दिसतो. पाच फण्यांच्या हिरव्या नागाची घसरगुंडी आहे आणि शेजारी साखळीचे दोन झोके. झोक्यांपाशी पाटी आहे: ‘झोके फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी. मुलांसोबत पालक असणे बंधनकारक.’

आता सासूचं सांगते. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे, मीही तसंच म्हणते. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काडी, पण चालायला लागली की मला मागं टाकते. तिच्या आधार कार्डावर नाव चुकलं होतं, म्हणून शिबिरात दुरुस्तीला नेलं. नाव दुरुस्त झालं आणि जन्मसाल बिघडलं. कार्ड हातात आलं तेव्हा फोटोत सुरकुत्या, कपाळावर गोंदण, आणि हिशेबानं वय अकरा! माझ्या थोरल्या मुलीपेक्षा तिची आजी चार वर्षांनी धाकटी.

मी तणतणत आधार केंद्राला चार हेलपाटे घातले. दर वेळी सर्व्हर तरी झोपलेला, नाहीतर साहेब तरी जेवायला गेलेले. सासूला त्याचं काही नव्हतं. एकदा कळंबच्या बाजाराला जाताना कंडक्टरनं कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, “आजी, बायकांना अर्धं तिकीट, लेकरांनाबी अर्धं. दोन्ही धरलं तर तुम्ही फुकट व्हय?” सासू म्हणाली, “तुझं तू बघ बाबा, मी लहान हाय.” सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

तिचा जीव अडकला होता तो झोक्यात. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली. नागपंचमीला न्यायला येईल असा भाऊ तिला नव्हता, म्हणून सण सासरीच. दारात लिंबाचं झाड होतं, त्याला कासऱ्याचा झोका. झोका द्यायचा हिनं आणि बसायचं तिच्या नणंदेनं. नणंद मन भरेपर्यंत झोके घ्यायची. मग हिचा डाव आला की ही बुड टेकवते न टेकवते तोवर घरातून हाक, “दिंडं कोण उकडायची?” पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं वाफवायची, आणि ती वाफवणार कोण तर सून. अशा कितीतरी पंचम्या गेल्या. नणंद लग्न होऊन लोहाऱ्याला गेली, तरी दर पंचमीला माहेरी यायची आणि पहिली झोक्यावर बसायची. पुढं रस्ता रुंद झाला, लिंब गेला, झोका गेला. सासूचा डाव राहिला तो राहिलाच.

हे ती मला भाकरी थापताना सांगायची. दर वर्षी सांगायची. मी हूं हूं करायचे आणि ब्लाऊजच्या काजाबटणाचं बघायचे. खरं सांगते, मला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं.

परवाच्या पंचमीच्या आदल्या दिवशी सासूची ही नणंद आली. तिला सगळं घर आक्का म्हणतं. आक्का अंगानं चांगली भरलेली, बोलणं मोठ्यानं, बसायला कायम पंख्याखालची जागा. रात्री जेवताना सासू एकदम म्हणाली, “वन्सं, उद्या बागेत जायाचं. माझा डाव हाय.”

“कसला डाव?” आक्कानं विचारलं.

“झोक्याचा. तुमच्याकडं राह्यलाय.”

आक्का ठसका लागेस्तोवर हसली. “बया! वैनी, तुला झोक्यावर बसवलं तर हाडं पोत्यात भरून आणावी लागतील की गं!”

तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. सासू खाली मान घालून भात कालवत राहिली, आणि मला असला राग आला म्हणून सांगू! तिथंच ठरवलं, आकाश कोसळलं तरी उद्या आत्यांना झोक्यावर बसवायचंच. सकाळी पुरण वाटून झाकून ठेवलं, दिंडं उकडायची बाकी ठेवली आणि दोघींना घेऊन निघाले. सासूनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं आणि कार्ड रुमालात बांधून कमरेला खोचलं होतं.

बागेत बघतो तर ही गर्दी! गावच्या बायका वारूळ शोधत रानात कशाला जातील? बागेत नाग आयता उभा. घसरगुंडीच्या पाचही फण्यांना हळदकुंकू, आघाड्याच्या माळा, लाह्यांचा सडा, आणि वरून दूध ओतणं चाललेलं. ते दूध नागाच्या पाठीवरून खाली येत होतं आणि त्यावरून पोरं अशी सुसाट सुटत होती की थेट पेंग्विनला जाऊन थडकत होती. वॉचमन शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला होता. “बाई, ती घसरगुंडी हाय, देव न्हाय!” एक बाई त्याला म्हणाली, “मग फणा कशाला काढला?”

तेवढ्यात सासू झोक्यावर बसली. लगेच शिट्टी.

“आजी, उतरा. पाटी वाचली का?”

“मला वाचाया येत न्हाय,” सासू म्हणाली आणि रुमाल सोडून कार्ड पुढं केलं. “पर तुला येतंय ना? वाच.”

त्यानं वाचलं. बोटांवर मोजलं. परत वाचलं. सासूकडं बघितलं, कार्डाकडं बघितलं. “अकरा?”

“चालू हायेत,” सासू म्हणाली.

“चेष्टा करता व्हय?” तो माझ्यावर घसरला.

बास! मी पदर खोचला. “चेष्टा? सरकारचं कार्ड म्हणजे चेष्टा? रेशनला हेच कार्ड, बँकेत हेच कार्ड, तिथं म्हणतात कार्डावर आहे तेच खरं. चार वेळा सांगून आले, ही बाई म्हातारी आहे, कुणी ऐकलं? मग आता तुम्हीबी ऐकू नका. कार्डावर आहे तेच खरं!”

भोवती बायका जमल्या. कुणीतरी म्हणालं, “खरंय की.” वॉचमनला घाम फुटला. “अकरा वर्षाची हाय, तर शाळेत का न्हाय गेली?”

“आज पंचमीची सुट्टी हाय,” सासू म्हणाली.

बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. तो बिचारा इरेला पेटला, पाटीवर बोट ठेवलं. “बरं. मग पालक कुठाय? पालक बंधनकारक हाय.”

मी पुढं होणार, तोच सासूनं हात वर केला आणि जिराफाच्या सावलीत उभ्या असलेल्या आक्काकडं बोट दाखवलं. “त्या. त्या माझ्या पालक.”

“मी?” आक्का किंचाळली.

“मग लेकराला झोका द्या आता,” वॉचमन म्हणाला, “आणि धरा नीट. पडलं तर जबाबदारी तुमची.” एवढं बोलून तो दुधाच्या घसरगुंडीकडं पळाला.

एवढ्या बायकांसमोर आक्का करते काय? आली बडबडत. “माझं कंबरडं धरलंय... वैनी, तुला या वयात काय अवदसा आठवली...” पण झोका दिला. मग आणखी एक दिला. सासूचे पाय जमिनीवरून सुटले, पदर मागं उडाला, आणि ती भिंतीच्या वर गेली तशी ओरडली, “वन्सं! पाणी लई हाय गं औंदा! पार पलीकडपतोर हाय!” सासूनं नणंदेला ‘गं’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आक्कालाही हसू आलं. तिची बडबड थांबली आणि झोका लांब जायला लागला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमचे हे. नेमकं स्पीकरचं बटण दाबलं गेलं आणि आवाज सगळ्या बागेत गेला, “अगं, एक वाजला. दिंडं कधी व्हायची?”

मी काही बोलायच्या आत सासूनं पाय खाली लावले. धुळीत दोन रेघा उठल्या, झोका थांबला. तिला कुणी उतर म्हटलं नव्हतं. तोंडावरचं हसू तसंच होतं आणि हात मात्र साखळी सोडत होते. “चल पोरी,” ती म्हणाली, “सैपाकाचं बघू.” मी तिला थांब म्हणायला हवं होतं, पण माझीही पावलं घराकडंच वळली होती.

आक्का तशीच उभी होती, सासूच्या पाठीमागं, झोका द्यायला पुढं केलेले हात तसेच धरून. ती त्या धुळीतल्या रेघांकडं बघत होती. लिंबाखालचं तिला काय काय आठवलं ते तिलाच ठाऊक. पण तिचा चेहरा पार उतरला. तिनं सासूच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं. “बस.”

मग माझ्या हातातला फोन घेतला. “आरं, मी आक्का बोलतीया. कुकरात वरणभात लाव आन् खा. न्हाय, तुझी आई येत न्हाय. तिचा डाव चालू हाय.”

फोन माझ्या हातात कोंबून तिनं डोळ्यांना पदर लावला, मग तोच पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हातांनी झोका दिला.