यारीच्या कुत्र्यापायी मुंबई

मुंबईला जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. या खेपेला तर तो बरोबर घेऊनच आगबोटीत चढलो. गावच्या विहिरीचा तळ खोल करायचं काम चाललं होतं आणि फोडलेला खडक वर काढणाऱ्या यारीची खिटी मोडली. यारी म्हणजे जड दगड उचलायचं यंत्र. तिच्या दातेरी चाकात ही खिटी अडकते आणि चाकाला उलटं पळू देत नाही. ती नसली आणि फिरवायचा दांडा हातून सुटला, तर दगड थेट तळाशी उभ्या असलेल्या माझ्या दादाच्या डोक्यावर. दादाला त्याचं काहीच नाही. "दोन दिवस थांबतो, मग चौघं दांडा धरतील. तू कशाला काळजी करतोस?" म्हणाला. कोणीतरी करायला नको?

हर्णैहून जाणार असाल तर आगबोटीच्या चिमणीपासून लांब बसा. मी जवळ बसलो आणि काळं धोतर घेऊन मुंबईत उतरलो. यारीवर कारखान्याचा पत्ता 'गिरगाव' असा कोरलेला होता, म्हणून खानावळीत दोन घास पोटात ढकलून आधी तिकडेच गेलो. खोताच्या वाडीच्या तोंडाशी एक म्हातारी कोळीण मासे विकत बसली होती. तिला विचारलं, "यारीचा कारखाना कुठं आहे हो?"

"यारीचा?" ती खदखदून हसली. "हितं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची वैरं हायत रे बाबा!"

माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. "रामजी मिस्त्रीचा ना? माज्या घोवाच्या होडीला शिडाच्या कप्प्या त्याच्याच बापानं केल्या. मंग गिरण्या आल्या. गवंडी त्याच कप्प्या दगड चढवायला न्यायला लागलं. गाड्या वाडीत शिरंनात, म्हनून गेला तो घोडपदेवला."

एक आणा देऊन घोड्यांच्या ट्रामनं भायखळा गाठलं, पुढे पायपीट. घोडपदेवला पाहतो तर कारखान्याच्या जागी चाळ! मी दारोदार विचारत सुटलो. चाळीतल्या एका माणसानं पाणी दिलं आणि म्हणाला, "लालबागला गेला तो. हातोड्यांचा आवाज येईल तिकडं वळा." उन्हात चालताना मला सारखा दादाच दिसत होता.

लालबागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये चुना मळायच्या घाण्यांची चाकं, कप्प्या आणि अर्धवट यार्‍या उभ्या होत्या. रामजी मिस्त्री कानस चालवत होते. मी मोडकी खिटी पुढे केली.

"तुमच्याकडं खिटी म्हणतात होय? आमच्याकडं हा कुत्रा."

"कुत्रा?"

"राखण करतो म्हणून." त्यांनी कानस थांबवली नाही. "गिरगावात पहिली लोखंडी यारी केली, तिला कुत्रा नव्हता. चाळीचा दगड चढवताना दांडा सुटला. खाली माझा धाकटा भाऊ होता. तेव्हापासून कुत्र्याशिवाय यारी माझ्या दारातून बाहेर जात नाही."

 पुढे कळलं की नवा कुत्रा ओतून, घासून मिळायला तीन दिवस लागणार. दादा तर दोनच दिवस थांबणार होता! तसाच धक्क्यावर धावलो. आमच्या गावचा बाळू वाणी परतीच्या बोटीत चढत होता. त्याला निक्षून सांगितलं, "दादाला म्हणावं, कुत्रा बसल्याशिवाय एक दगड उचलू नको." त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

कारखान्यात येऊन मिस्त्रींना हे अभिमानानं सांगितलं. त्यांनी कानस खाली ठेवली.

"पण कुत्रा म्हणजे काय, ते तुमच्या दादांना ठाऊक आहे?"

ठाऊक कुठलं! मलाच आज कळलेलं. पुन्हा धक्क्यावर धावलो, पण बोट केव्हाच सुटली होती. पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. मुंबईत पाहण्यासारखं पुष्कळ आहे म्हणतात, मी ओतशाळेची भट्टी तेवढी पाहिली. परतीच्या बोटीत लोखंडी कुत्रा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मनात एकच, की त्या निरोपाचं दादानं काय केलं असेल.

हर्णैला उतरून धावतच विहीर गाठली. यारीच्या खांबाला आमचा मोत्या बांधलेला. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला गुलाल, पुढ्यात नारळ. गडी सावलीत बिड्या ओढत होते. कुत्रा हे भैरोबाचं वाहन, तेव्हा कारखान्याची हीच रीत असणार, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

"दगड?" मी धापा टाकत विचारलं.

"उचलतोय कसला!" दादा वैतागून म्हणाला. "इतकी माणसं बघून हा जो उभा राहिलाय! भाकरी घातली, चुचकारलं, पाठीवर दाबलं. मेला बसेल तर शपथ!"

मी मोत्याच्या गळ्यात पडून रडलो. सगळे हसले, हसू देत.

आता लोखंडी कुत्रा जागेवर बसला आहे. दगड कट-कट करत वर येतात आणि दादा तळातून मला चिडवतो. मोत्याला केव्हाच सोडलंय, तरी काम सुरू झालं की तो आपणहून यारीपाशी येऊन उभा राहतो. मीही त्याच्याशेजारी उभा असतो. शेवटचा दगड निघून दादा वर येईपर्यंत आम्ही दोघंही बसत नाही.