नळाचा दिवस

निवृत्त झाल्यावर दादाने रत्नागिरीत एक जुनी मोटरबोट घेतली. किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत जायचे आणि पुढे केरळातल्या कालव्यांतून हिंडायचे, असा त्याचा बेत. बोटीत तिघांची सोय होती. दादा, मी आणि सोलापुरात दिलेली आमची आक्का. लहानपणी समुद्र बघायचा म्हणून सगळ्यात जास्त हट्ट तिनेच केला होता.

आक्का आली नाही. तिच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येई, आणि पिंपं भरल्याशिवाय ती लग्नालासुद्धा मुक्काम करत नसे. "मी आले तर पाणी कोण भरंल?" म्हणाली. माझं डोकंच फिरलं. घरात धडधाकट भावजी होते, मुलगा होता, सून होती. पण नळ आक्काचाच, हे सगळेच धरून चालले होते. तीसुद्धा.

शेवटी आम्ही दोघेच गेलो. कारवार मागे पडल्यावर एका संध्याकाळी तिला फोन लागला. मी सांगितलं, नजर जाईल तिथवर पाणीच पाणी आहे.

"मग तितं थोडं सांडलं तरी चालत असंल की," म्हणाली.

दादा खो खो हसला. मला हसू आलं नाही.

पुढे दादाच्या पाठीचं दुखणं वाढलं आणि बोट विकावी लागली. परवा आक्काकडे गेलो होतो. मुलाने बोअर मारलीय, बटण दाबलं की पाणी. पिंपं गच्चीवर पालथी पडलेली.

"आता मी मोकळी हाय," चहा पुढे करत ती म्हणाली. "सांग, कुटं जायचं?"