विंगेतला नाच

माझा लहानपणचा नाचातला एकही फोटो सरळ नाही. बल्लारपूरच्या शाळेतल्या गॅदरिंगच्या प्रत्येक फोटोत माझी मान उजवीकडे वळलेली आहे. कारण उजव्या विंगेत आमच्या नाचाच्या बाई अख्खा नाच करायच्या आणि आम्ही त्यांच्याकडे बघून नाचायचो. म्हणे मॉडर्न डान्स! समोर पेपर मिलची पाळी बुडवून आलेले बाप बसलेले, आणि आम्ही त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतो. बाईंना त्यांच्या बाईंनी असंच शिकवलं होतं.

याचा मला भयंकर राग यायचा. हा नाच की नक्कल? पुढे मी आलापल्लीच्या शाळेत नाच शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी पोरींना बजावलं, ‘मी विंगेत दिसणार नाई. चुकलात तर तुमचं तुमी निस्तरा.’

त्या वर्षी गॅदरिंगला पाहुण्या म्हणून मी मोठ्या हौसेने माझ्या बाईंनाच बोलावलं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय! नाच रंगात आला आणि टेपने कॅसेट खाल्ली. सगळं गप्प. पुढची सातवीतली पोरगी थबकली. तेवढ्यात बाई पहिल्या रांगेतून उठल्या, तरातरा विंगेत गेल्या आणि नाचायला लागल्या. माझा नाच त्यांना ठाऊकसुद्धा नव्हता! त्यांचाच जुना नाच करत त्या पोरीला खुणावत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीने एकदा तिकडे पाहिलं, मान सरळ केली आणि गाण्याविनाच नाच पुरा केला.

मी तावातावाने विंगेत गेले. बाई घामाघूम झालेल्या. माझ्याआधी त्याच कडाडल्या, “पोरगी पाहूनच नाई राह्यली माह्याकडे! हेच शिकवलं काय तुनं?”

“हो बाई, हेच शिकवलं! लोकाइनं तिले पाहाव. तिनं तुमाले काऊन पाहाव?”

बाई मटकन बाकावर बसल्या.

“तीस वर्षं मी विंगेतच नाचली,” त्या म्हणाल्या. “लेकराइशिवाय मले पाह्यलं कोनं?”

माझा राग गेला नाही, पण तो बाईंवर काढता येईना. तीस वर्षांत त्यांना ‘स्टेजवर या’ असं कोणी म्हटलं नव्हतं. मीही त्यांना बोलावलं ते खुर्चीवर बसायला.