दगडू दगडू कोण होता?

“प्रकाशभाऊ, हा मुलगा आईपेक्षा सहा वर्षांनी मोठा कसा?” मी विचारलं.

प्रकाशभाऊंनी प्रिंट उलटसुलट करून पाहिली. “टायपिंग मिस्टेक असेल साहेब. तुम्ही पुढे चला. शनिवार जवळ आलाय.”

मी आधी भूमी अभिलेख कार्यालयात होतो. आता धुळ्यात लोकांच्या वंशावळी तयार करून देतो. जात पडताळणीच्या अर्जाला वंशावळ लागते, आणि ती खरी असल्याचं ॲफिडेव्हिट करावं लागतं. शिवाय वंशावळीतल्या एखाद्या पूर्वजाची जातीची नोंद असलेला कागद लागतो. कागद जितका जुना, तितकी केस भक्कम.

प्रकाशभाऊ सोनगीरचे शेतकरी. त्यांच्या कोमलला नर्सिंगला राखीव जागेवर ॲडमिशन मिळाली होती. अर्जाची पोच शनिवारपर्यंत कॉलेजात दिली नाही, तर जागा जाणार होती. आणि आज बुधवार होता.

वंशावळ त्यांच्या पुण्यातल्या पुतण्याने, नितीनने, एका फुकटच्या फॅमिली ट्री साइटवर तयार केली होती. अशा साइटवर कोणीही नावं भरतं. नावं जुळली की साइट दुसऱ्याच्या झाडातली माणसं सुचवते. ‘ओके’ म्हटलं की ती आपल्या झाडात येतात. तपासणारं कोणी नसतं.

नितीनच्या झाडात प्रकाशभाऊंचे आजोबा मोतीराम, त्यांची बहीण अक्का आणि एक मोठा भाऊ दगडू होता. तिघांच्या वडिलांचं नावही दगडूच. म्हणजे त्या मोठ्या भावाचं नाव झालं दगडू दगडू. आईपेक्षा सहा वर्षांनी मोठा असलेला मुलगा तो हाच.

फाइलच्या तळाशी एका शाळेच्या जुन्या रजिस्टरचा उतारा होता. विद्यार्थी दगडू नथ्थू. त्यात जातीची नोंद स्वच्छ. एवढा जुना कागद अख्ख्या फाइलमध्ये दुसरा नव्हता.

“हा का लावला नाही?”

“बापाचं नाव जुळत नाही. आमच्यात नथ्थू कोणीच नाही.”

मी नितीनला फोन लावला. “दगडूची जन्मतारीख कुठून घेतली?”

“शाळेच्या उताऱ्यावरून.”

“त्यावर बाप नथ्थू आहे.”

“ते जुळत नव्हतं, म्हणून सोडून दिलं.”

“आणि दगडू मोतीरामचा भाऊ आहे, हे कोणी सांगितलं?”

“अक्काआजीने. मी फोनवर विचारलं, दगडू तुझे कोण? ती म्हणाली, भाऊ. मी ब्रदर सिलेक्ट केलं. आणि मोतीराम पणजोबांच्या वडिलांचं नाव दगडू, ते तर सातबाऱ्यावरच आहे.”

“अरे, आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. बापाचं नाव मुलाला कोण ठेवतं? त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. आईने पोराला हाक कशी मारायची?”

“वयाची वॉर्निंग आली होती काका. मी ओके करून टाकलं.”

गुरुवारी सकाळी प्रकाशभाऊ आणि मी शिरपूरला अक्कांकडे गेलो. वय पंच्याऐंशीच्या पुढे. अंगणात खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या.

“अक्का, दगडू तुमचे कोण?”

“मना भाऊ.”

“सख्खा?”

“आते बाप सख्खाच ऱ्हास ना!”

प्रकाशभाऊ उडालेच. “बाप? मंग नितीनले भाऊ काब सांगं?”

“काका लोके त्यासले भाऊ म्हनेत, म्हनीसन आम्हीबी बठ्ठा भाऊच म्हनूत.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तू तुना बापले काय म्हनस?”

“नाना.”

“मंग तो तुना आईना बाप शे का?”

हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील. मी वहीत बघितलं. “आणि नथ्थू कोण?”

“भाऊना बाप. मना आजा. एकच दगडू, एकच नथ्थू. लिखी ले.”

लिहून घेतलं. पण तोंडी माहितीवर मी ॲफिडेव्हिट करू देत नाही. दुपारी सोनगीरच्या जमिनीचा जुना फेरफार काढला. फेरफार म्हणजे जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेल्याची नोंद. त्यात होतं: मयत दगडू नथ्थू, वारस मुलगा मोतीराम. खोटा दगडू खोडला आणि वयांच्या सगळ्या वजाबाक्या पुन्हा केल्या. आईपेक्षा सहा वर्षांनी मोठा होता तो तिचा नवरा. ते बरोबरच होतं.

शाळेचा उतारा तळातून काढून फाइलीत सर्वांत वर लावला. शुक्रवारी अर्ज दाखल झाला, शनिवारी कोमलने कॉलेजात पोच दिली. पुढे प्रमाणपत्रही आलं. जुनी प्रिंट लावून ॲफिडेव्हिट केलं असतं, तर प्रकाशभाऊंनी शपथेवर स्वतःच्या पणजोबाला आजोबांचा भाऊ ठरवलं असतं.

साइटला मी वाईट म्हणत नाही. आई आणि मुलगा यांची वयं तिनेच शेजारी शेजारी मांडली, वॉर्निंगही तिनेच दिली. आता मी कोणालाही ‘ते तुमचे कोण’ एवढंच विचारून थांबत नाही. ‘त्यांच्या पोटी कोण, ते कोणाच्या पोटी’ हेही विचारतो.

नितीनने आपलं झाड दुरुस्त केलं. पण तोवर दगडू दगडू साइटच्या सुचवण्यांवरून आणखी तीन अनोळखी झाडांत गेला होता. परवा पाहिलं, तर यावलकडच्या एका झाडात त्याला बायको आणि दोन मुलं मिळाली आहेत. धाकट्याचं नाव दगडू.