ढोलाची नोंद

शारजातल्या आमच्या ऑफिसात त्या वर्षी आफ्रिकेचा ज्ञानकोश तयार होत होता. लिहिणारे सगळे आफ्रिकेचेच, ही त्याची अट. मी फक्त छपाईसाठी पानं लावत होते. अम्मी जाऊन थोडेच महिने झाले होते. पानं लावायला मन गुंतवावं लागत नाही, म्हणून ते काम बरं वाटायचं.

एका पानावर ढोलाचा फोटो होता. मोंबासाहून आलेल्या संपादकबाईंना मी सहज म्हणाले, "असा आमच्या रायगडच्या घरी आहे. अब्बा वाजवायचे."

त्यांनी खुर्चीच जवळ ओढली. आम्ही सिद्दी, आमचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतूनच कोकणात आलेले. गावाला हे ठाऊक आहे, घरात मात्र कुणी विषय काढत नाही.

"मग कोकणातल्या ढोलाची नोंद तूच लिही," बाई म्हणाल्या. "फक्त घरातल्या मोठ्यांना वाचून दाखव. ते हो म्हणाले तरच छापायचं, हा आपला रूल आहे."

"इन्शाल्ला," मी म्हणाले. इथे तोंडावर नाही म्हणवत नसलं की हेच म्हणतात.

पण लिहिलं. चामडं विस्तवावर कसं शेकायचं, तळहात कुठे पडायला हवा, आणि दारात उभी राहून अम्मी कशी चिडवायची: "पुरे आता, कोंबड्या झोपायच्या राहिल्यात."

शुक्रवारी अब्बांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिहिलंस. छापू नको."

"का, अब्बा?"

"आयुष्यभर लोक हबशी म्हणून हिणवत आले. मी कोकणी आहे, हेच सांगत राहिलो. आता तूच पुस्तकात लिहून ठेवतेस?"

मला रडू यायला हवं होतं, निदान राग. काहीच आलं नाही. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीने विचारलं, "सो, आर वी आफ्रिकन ऑर नॉट?" मी तिला जेवायला वाढलं.

सोमवारी नोंद काढली आणि पुढचा मजकूर वर सरकवला. जागा भरून गेली. बाईंनी "खलास?" एवढंच विचारलं. मी मान हलवली.

दोन दिवसांनी ऑफिसात असताना अब्बांचाच फोन आला. "ते पुस्तक पुन्हा छापतात का गं?"

"छापतील, काही वर्षांनी."

"मग तेव्हा घाल. तेव्हा नको म्हणायला मी नसेन." पुढे म्हणाले, "आणि कोंबड्यांचं काढू नकोस. अगदी तसंच म्हणायची ती."

अम्मी गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडले ती तिथे, ऑफिसच्या जिन्यात.